अपिसाईच्या टाकीचं पाणी

वुनिकाविका गावात प्रत्येक घरामागे नळ आहे. तरीही आकेनेता रोज सकाळी बादली घेऊन ओढ्यावर जायची. ओढा गावाबाहेर, अळूच्या वाफ्यांपलीकडे, आणि वाट चढाची, निसरडी. बाई सत्तरीला टेकलेली, गुडघे केव्हाच बोलायला लागलेले. पण पाणी ओढ्याचंच हवं. ओढ्याला जायला वाट एकच होती, तिच्या भावजयीच्या, म्हणजे तिमाइमाच्या, दारावरून. तिमाइमा नळाखाली भांडी घासत असायची. बादलीची कडी किरकिरत यायची, आकेनेता मान ताठ ठेवून पुढे जायची, आणि कडी किरकिरत लांब जायची. तिमाइमाला तो आवाज इतका सवयीचा झाला होता की एखाद्या सकाळी आला नाही तर तिचा चहा निवून जायचा आणि ती फाटकाशी जाऊन वाट बघत उभी राहायची.

नळाच्या पाण्यात वाईट काहीच नव्हतं. ते अपिसाईच्या टाकीचं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. अपिसाई हा आकेनेताचा सख्खा भाऊ आणि तिमाइमाचा नवरा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हा तिमाइमाला वाटलं होतं, आता तरी ही बादली थांबेल. कुठली थांबते! माणूस मातीत गेला आणि बहिणीचा रुसवा वर उरला.

हा रुसवा तोंडाने फेडताही येण्यासारखा नव्हता. फिजीतल्या या कंदावू बेटावर सख्खे भाऊबहीण एकदा वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. बोलायचंच असेल तर मधे तिसरं माणूस लागतं. लग्न होऊन या घरात आल्या दिवसापासून ते तिसरं माणूस तिमाइमा होती.

हाय, काय दिवस होते ते! आकेनेताचं लग्न व्हायचं होतं. तिघं एकाच खोलीत बसायची, हाताच्या अंतरावर, आणि भाऊबहिणीचं भांडण तिमाइमाच्या डोक्यावरून चालायचं.

"तिमा, तुझ्या नवऱ्याला सांग, पाय आवर म्हणावं. मला चटई पसरायची आहे."

"तुझ्या नणंदेला सांग, चटई तिची असेल, घर माझं आहे."

"तुझ्या नवऱ्याला सांग, घर बापाचं आहे, आणि बापाने मासे मला जास्त दिले होते."

तिमाइमा मधे बसून कसावा सोलत असायची. ती मान हलवून म्हणायची, "सांगते." सांगायचं काय डोंबल! दोघांनाही सगळं ऐकू गेलेलंच असायचं. पण तिने "सांगते" म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं दोघांपैकी कुणीच धरायचं नाही. कधी तिला कंटाळा यायचा, ती मुद्दाम गप्प बसायची. मग दोघंही कासावीस होऊन तिच्या तोंडाकडे बघत राहायची आणि तिला हसू आवरायचं नाही.

टाकी बांधली तीही त्याच दिवसांत. डोंगरातल्या झऱ्यावर सिमेंटची टाकी, तिथून गावापर्यंत नळी. सिमेंटच्या गोण्या सुवाहून बोटीने आल्या आणि किनाऱ्यावरून वर डोंगरात खांद्यावर गेल्या. अपिसाईचा खांदा सोलून निघाला होता. बायका टोपल्यांनी वाळू वाहायच्या, वाटेत मुद्दाम थांबायच्या, गाणं धरायच्या, आणि वरून पुरुष ओरडायचे की गाण्याने टाकी भरत नाही. ज्या दिवशी पाणी सुटलं त्या दिवशी सगळा गाव पहिल्या नळाभोवती उभा होता. नळ आधी नुसता खोकला, मग त्यातून एक बेडूक आला, आणि मग पाणी. पोरंसोरं चिंब झाली. लोकांनी अपिसाईला म्हटलं, पहिला घोट तुझा. तो लाजून मागे सरला आणि बायकोला म्हणाला, "पहिला घोट माझ्या बहिणीला दे."

आकेनेताने ओंजळ धरली, प्याली, ओठ पुसले.

"तुझ्या नवऱ्याला सांग, गोड आहे."

"सांगते," तिमाइमा म्हणाली.

त्यानंतर टाकी अपिसाईचीच झाली. कुणी त्याला नेमलं नव्हतं, पण झाकण, कुलूप, नारळाच्या काथ्याचा कुंचा, सगळं त्याच्याकडे. पोरांनी टाकीवर दगड मारला तर तो अख्ख्या गावाशी अबोला धरायचा.

मग आकेनेता लग्न होऊन रेवाला गेली आणि तिला पहिला मुलगा झाला, साकिउसा. इकडे पहिलं मूल झालं की त्याचं तोंड आईच्या गावाला दाखवायला आणतात. नुसतं भेटायला येणं नव्हे. बापाकडची मंडळी मानाचे देवमाशाचे दात, केतकीच्या चटया, कापड, सगळं घेऊन बोटीने येतात, आणि आईचं गाव डुक्कर भाजून वाट बघतं. त्या दिवसाचा खरा मानकरी मामा. अपिसाई महिनाभर हवेतच होता. त्याने घराला नवा गवताचा पाखा घातला, अळकुड्या निवडून ठेवल्या, आणि बोट यायच्या आदल्या दिवशी टाकीत उतरून ती आतून घासून काढली. भाच्याला निवळ पाणी मिळायला हवं म्हणून. त्या संध्याकाळी नळाला थोडं गढूळ आलं. मग निवळलं.

साकिउसा आठ महिन्यांचा होता, गुबगुबीत, कुणाकडेही हसत झेपावणारा. वुनिकाविकाची रीत अशी की बाळ आलं की ते जमिनीला टेकवायचं नाही. पहिली मांडी घरातल्या बाईची, मग तिथून पुढे मांडीमागून मांडी, सगळ्या गावाची. प्रत्येकीने बाळाच्या गालाला नाक लावून खोल श्वास घ्यायचा आणि नारळाच्या दुधात बोट बुडवून बाळाला चाटवायचं. ज्या बाळाला जितक्या मांड्या, तितकं ते भाग्याचं. साकिउसाला सगळ्या मिळाल्या. पहिली तिमाइमाची. आकेनेता बाजूला बसून "घ्या, घ्या, जड आहे हं, हात मोडेल" असं म्हणत होती आणि अभिमानाने लाल झाली होती.

तिसऱ्या दिवशी पोर ओकायला लागलं. मग जुलाब, नुसतं पाणी. जाणत्या बायकांनी पेरूच्या पानांचा काढा दिला आणि पोटाला विश्रांती हवी म्हणून दूध बंद केलं. तेव्हा सगळे तसंच करायचे. पोराचे डोळे आत गेले, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना. इस्पितळ होतं बेटाच्या दुसऱ्या टोकाला आणि समुद्र खवळलेला. होडी पाण्यात घातली, ती परत किनाऱ्यावर आली, पुन्हा घातली. साकिउसा होडीतच गेला, आईच्या कुशीत, प्रवाळाची कडा ओलांडायच्या आधी.

रेवाचे लोक त्याला बारीक विणीच्या चटईत गुंडाळून परत घेऊन निघाले. सगळा गाव किनाऱ्यावर. तोवर कुणीतरी म्हणालंच होतं की टाकी घासली, गाळ ढवळला गेला, तेच पाणी पोटात गेलं. कोण म्हणालं ते कुणालाच कळलं नाही. अशा वेळी एक कारण लागतं माणसांना, आणि हे हाताशी होतं. आकेनेता बोटीत चढताना थांबली. अपिसाई तिमाइमाच्या मागेच उभा होता.

"तिमा, तुझ्या नवऱ्याला सांग, टाकी छान घासली."

 आयुष्यात पहिल्यांदा, चेष्टेने नव्हे, तिमाइमा "सांगते" म्हणाली नाही. बोट गेली.

त्यानंतर अपिसाई हसला नाही असं नाही. लेकी झाल्या, नातवंडं झाली, यांगोना पिण्याच्या बैठकीत तो सगळ्यांत मोठ्याने गायचा. पण टाकी घासायला गेला की परत यायचाच नाही. तिमाइमा वर जाऊन बघायची तर हा आत, गुडघाभर पाण्यात, त्याच त्या कोपऱ्यात कुंचा घासतोय. "अरे, सिमेंट निघेल आता!" ती ओरडायची. "जरासंच राहिलंय," तो म्हणायचा. नवरा वारल्यावर आकेनेता माहेरी परत आली, गावाच्या वरच्या टोकाला राहू लागली. पुन्हा मूल तिला झालंच नव्हतं. तिने भावाला एकही निरोप धाडला नाही, आणि पहिल्या दिवसापासून बादली घेऊन दारावरून जायला लागली. अपिसाई पायरीवर बसून ते रोज बघायचा. त्याला विचारता येत नव्हतं, तिला सांगायचं नव्हतं, आणि मधल्या बाईकडे कुणी काही देत नव्हतं. शेवटच्या आजारात त्याने एकदाच बायकोला विचारलं, "आज गेली का गं ओढ्यावर?" ती म्हणाली, "नाही, आज नाही." तेवढ्यात बाहेर कडी किरकिरली आणि दोघंही छताकडे बघत राहिली.

यंदा तिमाइमाच्या नातीचा, वासेमाथाचा, सुवाहून फोन आला. "बुबू, पुढच्या आठवड्यात येतोय आम्ही. इलायतियाचं तोंड दाखवायला. सासरची वीसेक माणसं आहेत. तुझी मांडी तयार ठेव."

"माझी मांडी काय, सारखी तयार आहे. तुझ्या सासूला सांग, चटया पातळ आणल्या तर परत पाठवीन."

सात महिन्यांचा पणतू. तिमाइमाने नवी चटई काढली, केसांना खोबरेल लावलं, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटली. नेमकी त्याच आठवड्यात गावात ओकारी-जुलाबाची साथ आली. दिवस थंड, कोरडे. शाळेतली दोन पोरं, मग त्यांची धाकटी भावंडं, मग पलीकडचा तोमासी. तोमासी दोन वर्षांचा, त्याची आई कामाला सुवाला, आजी अंथरुणाला खिळलेली. मग पोराला सांभाळणार कोण? तिमाइमाच. दिवसभर त्याला मांडीवर घेऊन बसली, त्याचे लंगोट धुतले, आणि दुसऱ्या दिवशी पाठीला बांधून शेजारच्या गावातल्या दवाखान्यात गेली.

तिथली नर्स सालासेइनी, रेवाकडची, विशीतली, हसरी. सगळे तिला नासी म्हणत. तिने तोमासीची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ बघितली, आणि मीठ-साखरेची पुडी पाण्यात कालवून वाटी तिमाइमाच्या हातात दिली.

"चमच्या-चमच्याने, बुबू. ओकला तर दम घ्यायचा आणि पुन्हा सुरू. थांबायचं नाही. आणि खाणं, दूध काही बंद करायचं नाही हं."

"बंद नाही करायचं?" तिमाइमाचा चमचा हातातच राहिला.

"छे! हा आजार मारत नाही, बुबू, अंगातलं पाणी आटतं ते मारतं. जातंय तितकं भरत राहायचं. पण रक्त पडलं, डोळे खोल गेले, पोर मलूल झालं तर मात्र धावत माझ्याकडे."

तोमासी गिळत होता. तिमाइमाने मान खाली घालूनच विचारलं, "पाण्यातनं आलं ना हे? आमच्या टाकीच्या?"

"तुमची टाकी? तिचं पाणी गेल्या महिन्यात तपासून आलंय. इतकं चांगलं पाणी मला इथे नाही मिळत!" नर्स हसली. "हे एवढ्याशा विषाणूंचं काम आहे. त्यांच्या चार-पाच जाती आहेत. एक बाळांच्याच मागे असतो, तो सगळ्यांत वाईट. भिंगाखाली चाकासारखा दिसतो म्हणे. दुसरा अख्ख्या घराला एकदम ओकायला लावतो, आजोबासुद्धा सुटत नाहीत. घाण पाण्यातनंही येतात, नाही असं नाही. पण जास्त करून हातातनं. पोराचा लंगोट बदलला, हात कमरेच्या सुलूला पुसला, तोच हात दुसऱ्या पोराच्या तोंडाशी. झालं. मोठमोठ्या शहरांत, काचेसारखं पाणी असतं तिथेही पोरांना होतो."

"पण लंगोट धुताना हात धुतलेच जातात की."

"नुसत्या पाण्याने नाही जात ते, बुबू. साबण लावायचा आणि चोळायचं. आता बाळांसाठी थेंब आलेत, तोंडात घालायचे. तुमच्या पणतूला मिळाले असतील. पण ते त्या चाकवाल्यासाठी. बाकीच्यांना हात धुणं हाच उपाय."

तिमाइमाने वाटी खाली ठेवली. मग तिने साकिउसाची गोष्ट सांगितली, सगळी, टाकीसकट.

"मी तेव्हा जन्मलेही नव्हते," नर्स म्हणाली. "कशाने गेला ते आता कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. पण मला सांगा, टाकी घासली त्याच्या आधी गावात कुणी आजारी होतं?"

तिमाइमा तोंड उघडून "नाही" म्हणणार होती. आणि तिला लोसानाची जुळी आठवली. लोसाना शेजारीण, आता वारलेली. बोट यायच्या चार-पाच दिवस आधीपासून तिची जुळी ओकत होती. सगळा गाव डुक्कर आणि चटयांच्या गडबडीत, कोण बघतंय! जुळी वाचली, म्हणून विसरली गेली. आणि त्या दिवशी लोसाना लंगोट धुऊन, हात पुसत पुसत आली होती. "दे गं इकडे राजाला," म्हणाली होती.

"होती," तिमाइमा म्हणाली. "आधीपासून होती."

"मग टाकीवर कसं ढकलायचं?" नर्स सहज बोलून गेली आणि पुढच्या पोराकडे वळली.

परतीच्या वाटेवर तिमाइमा आधी रडली ती आनंदाने. अपिसाई सुटला होता. तिला वाटत होतं, धावत जाऊन त्याला सांगावं, बाहेर ये रे त्या टाकीतून, पुरे झालं घासणं. थोडं पुढे गेल्यावर मात्र तिची पावलं मंदावली. टाकी नाही, तर मग मांड्या. लोसानाची, तिची स्वतःची, सगळ्या गावाची. आणि पोराला त्या मांड्यांवर देणारी कोण? आकेनेताच. नवऱ्याला सोडवायचं तर हे नणंदेला सांगायला हवं, आणि नाही सांगितलं तर अपिसाई तसाच राहणार. तिने वाटेतल्या जामाच्या झाडाखाली बसकण मारली. तोमासी पाठीवर झोपला होता. मेलेल्याला सोडवावं की जिवंत बाईला जपावं, हे काही तिला सुचेना. पण उद्या बोट येणार होती आणि पुन्हा एक बाळ मांड्यांवर जाणार होतं. ती उठली.

तिसऱ्या प्रहरी आकेनेता दुसऱ्या खेपेला गेली होती, तेव्हा तिने तिला ओढ्यावर गाठलं.

"का गं?" आकेनेता वळून न बघताच म्हणाली. "नळ आटला वाटतं?"

"आके, खाली बस. सांगायचंय."

"उभ्याने ऐकते मी. बसले की उठवायला तुलाच बोलवावं लागेल."

तिमाइमाने सांगितलं. घोळ न घालता, नर्स म्हणाली तसं, जुळी, लोसाना, मांड्या. आकेनेताची बादली ओढ्यात भरून वाहत होती आणि तिला भान नव्हतं.

"म्हणजे टाकीने नाही मारलं," ती शेवटी म्हणाली. "मी मारलं. हातोहात दिला मी त्याला. घ्या घ्या म्हणत. हसत होते गं मी."

"कुणी नाही मारलं. कुणाला काय माहीत होतं? सगळ्यांनी पोराला कुशीत घेतलं, एवढंच केलं."

"इतकी वर्षं माझ्याकडे धरायला एक नाव होतं. तेही काढून घ्यायला आलीस?"

"ते नाव माझ्या नवऱ्याचं होतं, आके."

 तिमाइमा थांबली नाही. "रोज बघायचा तुझी बादली. शेवटच्या आजारात विचारलं त्याने, आज गेली का ओढ्यावर. मी खोटं बोलले, आणि तेवढ्यात तू गेलीस दारावरून." मग जरा वेळाने, "उद्या वासे येतेय. मी आजारी पोर मांडीवर घेतलंय, नासीने मला चार दिवस बाळापासून लांब राहायला सांगितलंय. घरातली दुसरी मोठी बाई तूच. पहिली मांडी तुझी."

"माझ्याकडे मूल देऊ नकोस." आकेनेताने बादली उचलली. निम्मं पाणी तिच्याच पायांवर सांडलं.

दुसऱ्या दिवशी बोट आली. चटया आल्या, जाडजूड, सासूने शब्द पाळला होता. देवमाशाचे दात देऊन-घेऊन झाले, आणि बायकांचा घोळका मांडीची रीत करायला घराकडे वळला. तर पायरीवर तिमाइमा उभी. शेजारी नळ, नळाखाली तांब्या, फळीवर साबण.

"हात," ती म्हणाली.

"बुबू, आम्ही काय डुकरं हाकून आलोय?" एकजण फणकारली.

अपिसाईचा चुलत भाऊ इसिरेली अंगणातून गुरकावला, "तिमा, बोटीने आलेल्या पाहुण्यांना दारात हात धुवायला लावतेस? त्यांना घाणेरडं म्हणण्यासारखं आहे हे. आजवर या गावात असं झालं नाही." वासेची सासू चटईची गुंडाळी छातीशी धरून उभी राहिली.  वासेमाथाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तिमाइमाने रात्रभर विचार केला होता, विषाणूचं सांगायचं, चाकाचं सांगायचं, हाताचं सांगायचं. आयत्या वेळी त्यातलं काहीच आठवलं नाही. ती म्हणाली, "इसिरेली, हे पाणी बाळाच्या पणजोबाच्या टाकीचं आहे. तो असता तर आज इथे तोच उभा राहिला असता आणि प्रत्येकीच्या हातावर त्यानेच पाणी घातलं असतं. तो नाही, म्हणून मी उभी आहे. त्याच्या हातचं पाणी नको असेल तर सांगा, मी बाजूला होते."

सासूने चटई खाली ठेवली आणि हात पुढे केले. शहाणी बाई. मग बाकीच्या आल्या. तिमाइमा तांब्याने पाणी घालत होती, "चोळ, चोळ, बोटांच्या मधे, लाजतेस काय" म्हणत होती. पहिल्या चार-पाच जणी धुमसत होत्या, नंतरच्या हसायला लागल्या, आणि शेवटी एकमेकींचे साबण लागलेले हात बघून चेष्टा सुरू झाली. आत दारासमोर वासेमाथा बाळाला घेऊन उभी होती. इलायतिया पाण्याच्या आवाजाकडे बघून पाय झाडत होता. तिमाइमाचे दोन्ही हात आपसूक पुढे गेले आणि तिने ते तांब्याला घट्ट धरून मागे घेतले.

"बुबू," वासेमाथा म्हणाली, "पहिल्यांदा कुणाकडे देऊ? सगळ्या थांबल्यात."

"थांबू दे जरा."

"कुणासाठी?"

 बायका आत बसल्या, चटया सरसावल्या, नारळाच्या दुधाची वाटी आली. इसिरेली म्हणाला, "आता काय सूर्य बुडायची वाट बघायची?" तिमाइमा तांब्या घेऊन पायरीवर तशीच उभी राहिली.

आणि वरच्या अंगाने कडी किरकिरली.

तिमाइमाने वर पाहिलं नाही. आवाज जवळ आला, नेहमीसारखा दारापर्यंत आला, पण या वेळी पुढे गेला नाही. रिकामी बादली नळाखाली टेकली. आकेनेताने चर्चला जाताना घालायचा पांढरा झगा घातला होता आणि केस विंचरले होते. तिने हात पुढे केले. कातडी सुरकुतलेली, ओढ्याच्या वाटेवर पडून मोडलेलं एक बोट वाकडं.

तिमाइमाने पाणी घातलं. आकेनेताने साबण घेतला, हात चोळले, मनगटापर्यंत, पुन्हा चोळले. घाई नव्हती. फेस धुऊन गेला. तिने हात बाजूला घेतले नाहीत. त्यांची ओंजळ केली.

"आणखी घाल."

तिमाइमाने ओंजळ भरली. आकेनेता प्याली, सगळं, एक थेंब न सांडता.  तिने ओठ पुसले, आत बाळाकडे पाहिलं, आणि मग कितीतरी वर्षांनी भावजयीच्या तोंडाकडे बघून म्हणाली,

"तिमा, तुझ्या नवऱ्याला सांग, अजून गोड आहे."

तिमाइमाने तांब्या पायरीवर ठेवला. आकेनेता तिथेच थांबून राहिली, तिच्या तोंडाकडे बघत, आत न जाता.

"सांगते," तिमाइमा म्हणाली.

मग आकेनेता आत गेली, चटईवर बसली, आणि तिने मांडी पुढे केली.